१० मीटर एअर पिस्तूल : खास करवून घेतलेले घ्यावे की कंपनीचे आहे तसे? सल्ला हवा आहे

वर्षा_चिंचवड

नमस्कार. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि क्लबच्या पिस्तुलावर १० मीटर एअर पिस्तूल या प्रकाराचा सराव करते. आता तिचे स्वतःचे पिस्तूल असावे, असे तिच्या प्रशिक्षकांनाही वाटते. एका विक्रेत्याने आमच्यासमोर दोन पर्याय ठेवले आहेत. पहिला पर्याय म्हणजे स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ किंवा पार्दिनी यांपैकी एखाद्या कंपनीचे स्पर्धेचे पिस्तूल, खोक्यातून निघते तसेच. दुसरा पर्याय म्हणजे तेच पिस्तूल, पण मुलीच्या हाताचे स्कॅन घेऊन अक्रोडाच्या लाकडात कोरलेली ग्रिप (पिस्तुलाची मूठ), हाताने जुळवलेले ट्रिगरचे भाग आणि तोल साधण्यासाठी वेगळी वजने, असे सर्व करून दिलेले. या दुसऱ्या पर्यायाची किंमत पहिल्याच्या जवळजवळ दीडपट होते.

आमच्या घरात ही रक्कम सहज उभी राहणारी नाही. तरीही त्या जास्तीच्या पैशांनी तिचे गुण खरोखर वाढणार असतील तर आम्ही तजवीज करू. ज्यांना या खेळाचा अनुभव आहे त्यांनी कृपया स्पष्ट मत द्यावे.

करवीर_नेमबाज

वर्षाताई, नमस्कार. मी कोल्हापूरच्या परिसरात नवोदित नेमबाजांना शिकवतो. माझे मत आधीच सांगतो : कंपनीचे पिस्तूल आहे तसे घ्या आणि वाचलेल्या पैशांतला मोठा भाग पेलेट (एअर पिस्तुलाच्या छोट्या गोळ्या), रेंजचे शुल्क आणि प्रशिक्षण यांसाठी राखून ठेवा. मात्र ग्रिपच्या बाबतीत विक्रेत्याचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्या कंपन्यांची नावे लिहिली आहेत त्यांच्या स्पर्धेच्या पिस्तुलांची अचूकता हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. एअर पिस्तुलाची नळी पक्की बसवलेली असते, ती गोळीबाराच्या वेळी हलत नाही, आणि पेलेट साधारण अर्ध्या ग्रॅमचा असून त्याचा धक्काही अगदी किरकोळ असतो. पिस्तूल शिकंज्यात पकडून १० मीटरवरून मारलेल्या फैरींचा पुंजका लक्ष्याच्या मधोमध असलेल्या दहा गुणांच्या वर्तुळात आरामात मावतो. त्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि पेलेटची कड रेषेला नुसती लागली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालते. एवढी जागा असताना आधीच अचूक असलेले पिस्तूल आणखी अचूक करून देण्याचे पैसे मुलीच्या गुणपत्रिकेत कधीच दिसणार नाहीत.

गुण जातात ते दुसरीकडे. नेम धरण्यासाठी पिस्तुलावर असलेल्या पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर असते. संपूर्ण हात समांतर ५ मिलिमीटर हलला तर पेलेटही ५ मिलिमीटरच सरकतो आणि दहा कायम राहतात. पण मनगट किंचित वळून पुढची साइट मागच्या खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर ती चूक सुमारे १५ मिलिमीटरची होते आणि नऊ मिळाले तरी नशीब म्हणावे लागते. म्हणूनच आम्ही मुलांना लक्ष्य धूसर दिसू द्या आणि साइट स्पष्ट ठेवा, असे पुन्हापुन्हा सांगतो. ग्रिपचे महत्त्व नेमके इथे आहे. हात वर केल्यावर डोळ्यांनी दुरुस्ती न करता दोन्ही साइट आपोआप सरळ रेषेत येत असतील तर ग्रिप हाताला बसली, असे समजावे. प्रत्येक फैरीला मनगट वळवून साइट जुळवावी लागत असेल, तर ६० फैरी आणि ७५ मिनिटांच्या सामन्यात शेवटच्या वीस फैरींमध्ये ते मनगट दगा देते.

तेव्हा हाताला बसणारी ग्रिप हवीच, पण त्यासाठी आज स्कॅन करून कोरलेली ग्रिप घेण्याची गरज नाही. कंपन्या लहान, मध्यम, मोठ्या मापांच्या ग्रिप देतात, तळहाताखालचा टेकू वरखाली करता येतो, आणि अनेक मॉडेलांत ग्रिपचा कोनही बदलता येतो. योग्य मापाची ग्रिप घेऊन प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली जिथे पोकळी राहते तिथे वूड पुट्टी किंवा एम-सील भरावे, जिथे टोचते तिथे कानस मारावी, आठवडाभर सराव करावा आणि मग पुन्हा थोडा बदल करावा. हे काम सावकाश होते आणि ते तसेच व्हायला हवे, कारण पकड पक्की होईपर्यंत मुलांचा हात ग्रिपवर वेगवेगळ्या जागी बसत राहतो. पंधराव्या वर्षी हाताचे माप अजून वाढते आहे. आजच्या स्कॅनवरून कोरलेली महागडी ग्रिप दोन वर्षांत लहान पडली तर ती विकायलाही गिऱ्हाईक मिळत नाही, कारण ती फक्त तिच्याच हाताची असते.

ट्रिगरच्या भागांबद्दल तर मी सरळ नाही म्हणेन. नियमाप्रमाणे ट्रिगरला टांगलेले किमान ५०० ग्रॅम वजन तो न सुटता उचलले गेले पाहिजे. कंपनीचा ट्रिगर त्या वजनावर स्वच्छ सुटतो आणि त्याचा पहिला व दुसरा टप्पा स्क्रूने जुळवता येतो. त्यात बाहेरच्या माणसाने हात घातला की कंपनीची हमी धोक्यात येते, आणि स्पर्धेच्या ठिकाणी तपासणीत वजन उचलले गेले नाही तर मुलीला तिथेच अडवले जाते.

साबरमती_ते_ओहायो

वर्षाताई, मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि इथल्या बुल्सआय (ठरावीक अंतरावरच्या लक्ष्यावर पिस्तुलाने नेम मारण्याच्या) स्पर्धांमध्ये .४५ कॅलिबरचे १९११ प्रकारचे पिस्तूल वापरतो. करवीर यांचे म्हणणे का बरोबर आहे ते दुसऱ्या बाजूने सांगावेसे वाटते, कारण जास्तीचे पैसे जिथे खरोखर उपयोगी पडतात अशी पिस्तुले मी रोज पाहतो.

१९११ ची नळी एअर पिस्तुलासारखी पक्की नसते. प्रत्येक फैरीनंतर ती स्लाइडबरोबर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाबरोबर) मागे जाते, खाली झुकते आणि पुन्हा वर येऊन जागेवर बसते. ती दरवेळी नेमक्या त्याच जागी बसते की नाही, यावर अचूकता ठरते. हे पिस्तूल जॉन ब्राउनिंग यांनी रचले आणि अमेरिकेच्या लष्कराने १९११ मध्ये स्वीकारले. लष्कराला एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्यात सहज बसायला हवा होता, म्हणून भागांमध्ये थोडी ढिलाई ठेवणे आवश्यक होते. हाताने पिस्तुले जुळवणारे कारागीर नेमकी ही ढिलाई काढतात. आर्कान्सा राज्यातल्या बेरीव्हिल या लहानशा गावात विल्सन कॉम्बॅट आणि नाइटहॉक कस्टम अशा दोन नामांकित कंपन्या आहेत. नाइटहॉकमध्ये एक पिस्तूल आरंभापासून अखेरपर्यंत एकच कारागीर बांधतो. कारखान्यातले साधे १९११ हजार डॉलरच्या आत मिळते, तर या पिस्तुलांच्या किमती तीन हजारांच्या वर जातात.

आता हा पैसा कशासाठी द्यायचा ते पाहा. इथे संथ फैरी ५० यार्डांवरून मारल्या जातात आणि त्या लक्ष्यातले दहाचे वर्तुळ ३.३६ इंचांचे असते. लेस बेअर ही कंपनी ५० यार्डांवर तीन इंचांच्या पुंजक्याची हमी देते आणि जादा पैसे घेऊन दीड इंचाचीही देते. तीन इंचांचे पिस्तूल जवळजवळ सगळे वर्तुळ स्वतःच व्यापते, नेमबाजाच्या चुकीला जागाच उरत नाही. दीड इंचाचे पिस्तूल अर्धे वर्तुळ तुमच्यासाठी मोकळे ठेवते. एरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरी येथील राष्ट्रीय स्पर्धेत वरच्या क्रमांकासाठी झगडणाऱ्याला हा फरक गुणांत मोजून घेता येतो. ज्याचा हातच त्या अंतरावर आठ-नऊ इंचांत फिरतो, त्याला तो अजिबात मिळत नाही, आणि अशांच्या हातात मी फार सुंदर, फार महाग पिस्तुले पाहिली आहेत.

तुमच्या मुलीच्या खेळात कारागिराने काढावी अशी ढिलाई मुळातच नाही. हा फरक विक्रेत्याने तुम्हाला सांगायला हवा होता.

ठाणे_रेंज

वरील दोघांशी बहुतांशी सहमत आहे, पण एक गोष्ट मला वेगळी वाटते. काही मुलांचे हात कंपनीच्या कोणत्याच मापात बसत नाहीत. बोटे लांब आणि तळहात अरुंद असेल, किंवा मूल डावखुरे असून डाव्या हाताची ग्रिप योग्य मापात मिळत नसेल, तर पुट्टी भरून भरून ग्रिपचा आकार बिघडतो आणि शेवटी करवून घेतलेली ग्रिपच स्वस्त पडते. अशा वेळी फक्त ग्रिप करवून घ्यावी, संपूर्ण पिस्तूल नव्हे. ती करताना नियमांची चौकट कारागिराला लिहून द्यावी : पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत राहिले पाहिजे आणि मनगट मोकळे दिसले पाहिजे. हाताला जास्त वेढणारी ग्रिप घरी फार आरामदायक वाटते, पण तपासणीत ती बाद होते.

याशिवाय दुरुस्तीचा विचार किमतीच्या आधी करा. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुणांसह त्या बाराव्या राहिल्या. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. एवढ्या पातळीवर, सगळा आधार सोबत असताना ही वेळ येऊ शकते. तुमच्या क्लबमध्ये ज्या कंपनीची पिस्तुले जास्त आहेत तीच कंपनी निवडली, तर सामन्याच्या दिवशी सुटा भाग आणि तो बसवणारा माणूस दोन्ही शेजारी सापडतात. हाताने बदललेल्या ट्रिगरला असा शेजारी मिळत नाही.

वर्षा_चिंचवड

सर्वांचे मनापासून आभार. मुलगी उजव्या हाताने मारते आणि क्लबची मध्यम मापाची ग्रिप तिला टोचत नाही, फक्त अंगठ्याजवळ पोकळी राहते. तिच्या क्लबमध्ये बहुतेक सर्वांकडे एकाच कंपनीची पिस्तुले आहेत, म्हणून त्याच कंपनीचे आहे तसे पिस्तूल घेण्याचे आम्ही ठरवत आहोत. वापरलेले पण चांगल्या स्थितीतले पिस्तूल मिळाले तर घ्यावे का, एवढे कृपया सांगावे.

करवीर_नेमबाज

जरूर घ्यावे. या पिस्तुलांची नळी सहजासहजी झिजत नाही. हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख मात्र स्वतः पाहा. निर्मितीपासून दहा वर्षांनंतर सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नवा सिलिंडर घ्यावा लागणार असेल तर तेवढी रक्कम ठरलेल्या भावातून आधीच कमी करून घ्या. सौदा पक्का करण्याआधी प्रशिक्षकांना सोबत नेऊन ट्रिगरवर ५०० ग्रॅमचे वजन टांगून बघा आणि मुलीला त्याच पिस्तुलावर संपूर्ण ६० फैरी मारू द्या. अंगठ्याजवळची पोकळी पिस्तूल हातात आल्यावर पुट्टीने भरता येईल. पहिला थर पातळ लावा.