कोरडवाहू भागात पहिला पैसा कुठे घालावा: बियाण्यात, विम्यात की कळपाच्या वाटेत?

माळरान:
२०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं, २०२६ ठेवलं कुरणं आणि पशुपालकांसाठी. वर्षं वेगळी, खाती वेगळी, निधीही वेगळे. माझं भांडण या वाटणीशीच आहे.

कोरड्या मुलखात शेती आणि जनावरं हा एकच संसार असतो. साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, पीक निघालं की फुलानी जमातीचे गुराखी शेतात कळप बसवतात. गुरं पिकाची उरलेली ताटं खातात, रात्री तिथेच बसतात, शेण-मूत तिथेच पडतं. शेतकऱ्याला खत मिळतं, गुराख्याला चारा. याला कंपनी लागत नाही, फक्त वाट लागते. उत्तरेच्या पावसाळी कुरणातून दक्षिणेकडे यायला न नांगरलेली रुंद पट्टी. कडेचा शेतकरी दर वर्षी नांगराच्या दोन ओळी त्या पट्टीत आत घेतो. पट्टीची पाऊलवाट होते, मग एका रात्री कळप उभ्या पिकात शिरतो आणि काठ्या निघतात. बातमीत मात्र 'हवामान बदलामुळे संघर्ष' असं छापून येतं.

म्हणून माझं म्हणणं, पहिला पैसा या वाटा आखून मोकळ्या ठेवण्यावर घाला. बियाणं आणि विमा त्यानंतर.

गणिती:
असहमत. चित्र सुरेख आहे, पण जुन्या हवामानाचं. २०२० च्या अखेरीपासून सोमालिया, दक्षिण इथिओपिया आणि उत्तर केनियात ओळीने पाच पावसाळे हुकले. वाट मोकळी असूनही जायचं कुठे? पलीकडेही तेच. लाखो जनावरं मेली.

अशा वेळी हातात रोकड लागते. केनियातल्या मार्साबितला २०१० मध्ये पशुधन विमा सुरू झाला. कुणाची गाय मेली का, हे बघायला कोणी जात नाही. उपग्रह हिरवळ मोजतो आणि ती ठरलेल्या पातळीखाली गेली की पैसे मिळतात. आधी ही मेलेल्या जनावराची भरपाई होती. पुढे जनावर जिवंत असतानाच चारा घेता यावा म्हणून पैसे लवकर द्यायची पद्धत आली. कमकुवत जनावर चालवत नेण्यापेक्षा हे बरं नाही का?

विहीरवाला:
एवढा काथ्याकूट कशाला? पाणी द्या, बाकीचं लोक बघून घेतील.

माळरान:
@विहीरवाला, हा प्रयोग होऊन गेलाय. साहेलमध्ये १९६८ ते ७३ च्या दुष्काळाआधी आणि दुष्काळात खोल कूपनलिका पाडल्या. पाणी बारमाही झालं, तसे आजूबाजूचे सगळे कळप तिथेच मुक्काम ठोकून बसले. कूपनलिकेभोवतीचं गवत आधी खाल्लं गेलं, मग तुडवलं गेलं, शेवटी नुसती धूळ उरली. पोटभर पाणी प्यायलेली गुरं तिथेच उपाशी मेली. पूर्वी पाणी आटलं की कळप उठायचा आणि गवताला विसावा मिळायचा. आटणारं डबकं ही तिथली शिस्त होती म्हणा ना.

@गणिती, उपग्रहाला हिरवं दिसतं, पण ते शेळीच्या पोटात जाण्याजोगं आहे का, हे कसं दिसणार? वाळवंट थोपवायला म्हणून केनियाच्या बरिंगो भागात १९८० च्या दशकात वेडी बाभूळ लावली. तिने कुरणं गिळली. वरून बघाल तर वर्षभर हिरवंगार. खाली गोड शेंगा चघळून शेळ्यांचे दात किडले. तिथल्या लोकांनी सरकारविरुद्ध दावा लावला आणि पुरावा म्हणून बोळकं झालेली शेळीच कोर्टात नेली!

गणिती:
शेळी भारी आहे, मानलं. पण एका झुडपासाठी विमाच मोडीत काढायचा? मोजमाप सुधारता येतं.

बांधावरची:
तुम्ही दोघं जनावरांतच अडकलात. माणसाने काय खायचं? हिस्सारचा एचएचबी ६७ हा बाजरीचा संकर १९९० मध्ये आला, साठ-पासष्ट दिवसांत तयार होणारा. राजस्थान-हरियाणात पाऊस दोन महिन्यांत आटोपला तरी पदरात दाणा पडायला लागला. पुढे तो गोसावी रोगाला बळी पडू लागला, तेव्हा जनुकांच्या खुणा तपासून त्याच वाणात प्रतिकारशक्ती भरली आणि २००५ मध्ये सुधारित वाण दिला. संथ काम आहे, फोटो काढण्यासारखं काही नाही. पण यातून घरात भाकरी येते, आणि तुम्ही ते 'त्यानंतर' म्हणून बाजूला सारता.

माळरान:
बाजूला सारत नाही, पण एक विचारतो. एवढ्या लवकर येणाऱ्या बाजरीचं सरमाड, म्हणजे कणसं काढल्यावर उरणारी ताटं, किती निघतं? ज्या घरात चार शेळ्या आहेत, ते घर कणीस बघतं तसंच ताटही बघतं. दुष्काळात दाणा लांबून पोत्याने आणता येतो, सरमाड आणायला गाडीभाडंच परवडत नाही.

बांधावरची:
म्हणूनच आता दाणा आणि चारा दोन्ही देणाऱ्या वाणांवर काम चालतं. तुमचा आक्षेप पैदासकारांना ठाऊक आहे.

झाडवेडा:
मला तुमचं तिघांचंही पटत नाही. खरा प्रश्न मालकीचा आहे. नायजरमध्ये मारादी आणि झिंदर भागात शेतकऱ्यांनी रोपं न लावता जवळपास ५० लाख हेक्टरवर झाडं परत आणली. जमिनीत जुनी खोडं जिवंत होतीच, त्यांचे फुटवे राखले, बस्स. आधी का नाही राखले? कारण झाड सरकारचं मानलं जाई आणि तोडलं की दंड होई. झाड आपलं वाटायला लागलं, तेव्हा राखलं. त्यात 'गाओ' नावाचं एक झाड पावसाळ्यात पानं गाळतं आणि उन्हाळ्यात हिरवं राहतं. पिकावर सावली नाही, गुरांना शेंगा. यात विमा कुठे आणि वाट कुठे?

माळरान:
त्या शेंगा कुणाच्या, हे विचारा. झाड शेतकऱ्याचं झालं की वाटसरू कळपाला ते परकं होतं. नायजरनेच २०१० च्या अध्यादेशात कळप घेऊन फिरणं हा पशुपालकाचा हक्क मानला, तो उगाच नाही.

गणिती:
अध्यादेश कागदावर. बरं, तुमचा एक मुद्दा घेतो. विम्याचे पैसे हातात आले, पण गवताकडे जाणारी वाट नांगरली गेली असेल, तर त्या पैशाने फक्त महाग चारा विकत घेता येईल. आता माझा एक मुद्दा तुम्ही घ्या. कळपामागे चालणाऱ्या पोराने शाळेत कधी जायचं?

माळरान:
मंगोलियात गुराख्यांच्या मुलांसाठी वसतिगृहं आहेत. मुलं शिकली, आणि त्यातली कितीतरी राजधानी उलानबातरलाच राहिली. वाट मोकळी ठेवली तरी तिच्यावरून चालणार कोण, याचं उत्तर माझ्याकडे नाही.