गाडी गरम झाली की बंद पडते, रविवारी पुण्याला न्यायची आहे – मदत हवी आहे

कास_पठारी (सोमवार, रात्री ९:४०)
गार असताना दोन किकमध्ये चालू होते. वीस-पंचवीस मिनिटं चालली की आधी चुकायला लागते, मग बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू होते आणि या वेळी पाच मिनिटांतच मान टाकते. काल आनेवाडी टोल नाक्याच्या अलीकडे दोनदा असं झालं, शेवटी टेम्पोत घालून घरी आणली. प्लग नवीन टाकलाय, कारब्युरेटर साफ करून झालाय, पेट्रोल ताजं आहे. रविवारी सकाळी ९ ला प्रदर्शनाच्या मैदानात गाडी लागायला हवी आणि ती स्वतःच्या इंजिनवर आत यायला हवी, ढकलत आणलेली चालत नाही. नेमकं काय बघू तेवढं सांगा, हातात पाचच दिवस आहेत.

घाटमाथा
दादा, गाडी कुठली ते तर लिहा. बुलेट, राजदूत, लॅम्ब्रेटा? टू-स्ट्रोक का फोर-स्ट्रोक? साल कुठलं?

कास_पठारी
जुलैचा दुसरा रविवार म्हणजे जावा डे, जावा-येझदीवाल्यांचा दिवस, म्हणून वेगळं लिहिलं नाही. येझदी २५०, दोन सायलेन्सरवाली, १९७८. बाबांची गाडी आहे, मी साताऱ्याहून नेणार आहे.

अण्णा_कोल्हापूर
कंडेन्सर, म्हणजे प्लगच्या ठिणगीला मदत करणारी ती छोटी डबी. डोळे झाकून कंडेन्सर बदला ताई. गार असताना तो गुणी बाळासारखा वागतो, इंजिन तापलं की आतून शॉर्ट व्हायला लागतो. १९९१ साली आंबा घाटात माझी येझदी अशीच उभी राहिली होती. पॉइंटचं, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या स्विचचं, झाकण उघडलं, दुसरा कंडेन्सर लावला आणि रत्नागिरीपर्यंत हूं की चूं नाही. पॉइंटची गॅपही बघून घ्या, ०.४ मिमी पाहिजे. गाडी बंद पडल्या पडल्या प्लग काढून हेडला टेकवा आणि किक मारा. ठिणगी पिवळट, मरगळलेली दिसली तर माझं म्हणणं खरं.

तीन_पाती
अण्णा, तुम्ही प्रत्येक धाग्यावर कंडेन्सरच सांगता. ही गाडी किती वर्षं उभी होती ते आधी विचारा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद असावी लागते, खाली पोकळी तयार झाल्याशिवाय मिश्रण आत ओढलंच जात नाही. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की क्रँकच्या ऑइल सीलचं रबर दगडासारखं होतं. गार असताना कसंबसं धरतं, तापलं की हवा खेचतं. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन धरायची, म्हणजे जाम व्हायची, भीती. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन पितं आणि मागे पांढरा धूर. ताई, धूर कसा आहे? आणि इंजिन शेवटचं कधी उघडलं होतं?

अण्णा_कोल्हापूर
पाच दिवसांवर प्रदर्शन आहे आणि तुम्ही त्यांना इंजिन खोलायला सांगताय? कंडेन्सर बदलायला पंधरा मिनिटं लागतात. आधी सोपं बघावं, मग अवघड.

तीन_पाती
सोपं आहे म्हणून ते बरोबर असतं असं नाही. सील नीट नसताना घाटात ताणली आणि पिस्टन धरला तर जबाबदारी कोणाची?

डुगडुगी
फार आनंद झाला ही गाडी अजून रस्त्यावर आहे हे वाचून. नवीन वाचकांसाठी सांगतो, जावा हे नाव यानेचेक आणि वांडरर या दोन नावांवरून आलं. १९२९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात फ्रांतिशेक यानेचेक यांनी वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचा धंदा घेतला, दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडली आणि जावा झालं. आपल्याकडे म्हैसूरला आयडियल जावाने १९६१ पासून गाड्या बनवल्या, मागे इराणी कुटुंब होतं. ७० च्या दशकात नाव येझदी झालं, ते इराणमधल्या यझ्द शहरावरून. १९९६ ला कारखाना बंद. किक आणि गिअरची लिव्हर एकच, ती आत दाबून वर उभी केली की किक. पहिल्यांदा बसणाऱ्याला गिअरचा दांडा कुठाय तेच कळत नाही.

घाटमाथा
माहिती छान आहे, पण गाडी अजून बंदच आहे. ताई, तीन_पाती यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या. शिवाय टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय का तेही बघा. बंद पडली की झाकण उघडून लगेच किक मारायची. चालू झाली तर टाकीत हवा जात नव्हती.

कास_पठारी (मंगळवार, सकाळी ७:१५)
झाकण उघडून बघितलं, फरक नाही. ठिणगी बघितली, बंद पडल्यावर पिवळी आणि बारीक आहे. धूर थोडा पांढरा आहे, पण सगळ्याच येझदींचा असतो ना? गाडी अकरा वर्षं गोठ्याशेजारच्या खोलीत उभी होती. इंजिन उघडलेलं नाही, त्याला काही झालंच नव्हतं. चेसिस, टाकी, मडगार्ड, क्रोम मात्र सगळं नवीन करून घेतलंय, वायरिंगही नवीन. गाडी बघितलीत तर काल कारखान्यातून निघाली असं वाटेल.

अण्णा_कोल्हापूर
ठिणगी पिवळी! मी काय म्हणत होतो?

कायदा_नियम
महत्त्वाचं म्हणजे कागदपत्रं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करून घ्या. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला व्हीए अक्षरांचा खास नंबर मिळतो, त्याला २०,००० रुपये शुल्क आणि १० वर्षं मुदत. प्रदर्शनात मान वाढतो.

घाटमाथा
त्याला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण लागतात. १९७८ ची गाडी अजून बसत नाही. आणि बसली तरी ती नोंदणी घेतल्यावर गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. यांच्या बाबांनी जपलेला जुना तीन अक्षरी नंबर आहे तोच राहू दे. आरसी, विमा आणि पीयूसी चालू असली म्हणजे पुरे.

१२_व्होल्ट
अण्णा आणि तीन_पाती दोघंही जुन्या काळात अडकलेत. डायनॅमो, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळं काढा आणि १२ व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवा. एका दिवसात काम होतं. मी केलंय, तीन वर्षं झाली, किटला हात लावलेला नाही. हेडलाइटही लख्ख.

डुगडुगी
आणि प्रदर्शनात परीक्षकांनी उजवीकडचं झाकण उघडायला सांगितलं तर? मूळ डायनॅमो असलेल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. रोज ऑफिसला नेणाऱ्याने किट बसवलं तर मी एक शब्द बोलणार नाही. पण ही गाडी दाखवायला निघाली आहे, तिचं पोट तरी तिचं असू द्या.

निवृत्त_वायरमन
ताई, मी उशिरा वाचलं. चारच प्रश्न विचारतो. रविवारी बंद पडली तेव्हा हेडलाइट लावला होता का? बॅटरी कुठली आहे? चार्जिंगचा लाल दिवा काय करतो? आणि चेसिसला रंग मारलाय की पावडर कोटिंग?

कास_पठारी
काका, पाऊस होता, अंधारून आलं होतं, हेडलाइट लावणारच. बॅटरी नवीन आहे, ६ व्होल्टची. जुन्या बॅटरीचं काळं खोकं आतून पोखरून त्यात बसवली, म्हणजे बाहेरून जुनीच वाटते. लाल दिवा सतत लागून राहायचा म्हणून मिस्त्रींनी त्याची वायर काढून ठेवली. पावडर कोटिंग आहे. पण गाडी गरम होऊन बंद पडते त्याच्याशी या सगळ्याचा काय संबंध?

निवृत्त_वायरमन
संबंध असा, की गाडी गरम झाल्यामुळे बंद पडत नाहीये. बॅटरी संपल्यामुळे पडतेय. मे महिन्यात कधी उन्हात चालवली होती का?

कास_पठारी
हो. मे मध्ये लिंबला जाऊन आले, कडक उन्हात. तेव्हा बंद नाही पडली. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

निवृत्त_वायरमन
उन्हात तर इंजिन जास्त तापतं. तेव्हा चालली, कारण हेडलाइट बंद होता. आता हिशेब बघा. खोक्यात मावणारी तुमची बॅटरी बहुतेक इमर्जन्सी दिव्यात असते तसली, ४.५ अँपिअर-तासाची असणार. ३५ वॅटचा हेडलाइट ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर ओढतो. इग्निशन कॉइल आणि मागचा दिवा धरले की ८ च्या पुढे. डायनॅमो काहीच देत नसेल तर कागदावर अर्धा तास आणि प्रत्यक्षात वीस-पंचवीस मिनिटं. बंद पडल्यावर अर्धा तास विसावली की बॅटरीत थोडी धुगधुगी येते, गाडी चालू होते आणि पाच मिनिटांत पुन्हा तेच. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये बॅटरीचं वर्णन केलंय, फक्त नाव गरम इंजिनचं दिलंय. पिवळी ठिणगीही त्यामुळेच.

लाल दिवा सतत लागत होता, म्हणजे डायनॅमो चार्ज करत नाही हे गाडी स्वतः सांगत होती. वायर काढून तिचं तोंड बंद केलं.

आता मीटर घ्या. बॅटरीवर लावा, गाडी चालू करून रेस वाढवा. आकडा ७ व्होल्टच्या वर जायला पाहिजे.

कास_पठारी (मंगळवार, रात्री १०:०५)
रेस केली तरी ५.९. हेडलाइट लावला की ५.४ आणि खालीच जातोय. बॅटरीवर ४.५ च लिहिलंय.

निवृत्त_वायरमन
मग आधी कटआउट, म्हणजे डायनॅमोची वीज बॅटरीकडे सोडणारा रेग्युलेटर, बघा. त्याचं अर्थिंग त्याच्या बॉडीतून चेसिसला मिळतं. पावडर कोटिंग म्हणजे भट्टीत भाजलेला प्लास्टिकचा थर, त्यातून वीज जात नाही. कटआउट काढा, खालचं कोटिंग पत्रा चमकेपर्यंत खरवडा. बॅटरीची निगेटिव्ह जिथे चेसिसला लागते तिथेही तेच. वरून थोडं ग्रीस लावा, पावसाळा आहे. नंतर डायनॅमोचे कार्बन, म्हणजे आत घासत वीज घेणारे तुकडे, बघा.

डुगडुगी
म्हणूनच मी सांगत असतो, भट्टीचा जुना रंग वेगळा आणि पावडर कोटिंग वेगळं. मूळ गाडीवर पावडर कोटिंग नव्हतंच.

कास_पठारी
ते पुढच्या वेळी. चेसिस आता परत उघडणार नाही.

राजदूतवाला
माझी राजदूत ३५० हाय टॉर्क आहे, १९८५ ची. हॉर्न वाजवला की बंद पडते. माझाही हाच प्रॉब्लेम असेल का?

घाटमाथा
वेगळा धागा काढा भाऊ, इथे गोंधळ होईल.

कास_पठारी (गुरुवार, रात्री ११:२०)
सविस्तर लिहिते, पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल.

कटआउट काढला. खाली गुळगुळीत मरून कोटिंग, स्क्रूच्या भोकातसुद्धा भरलेलं. पॉलिश पेपरने खरवडलं, निगेटिव्हची जागाही खरवडली. आकडा ६.५ वर गेला, पुढे हलेना. मग उजवीकडचं झाकण उघडलं. दोनपैकी एक कार्बन त्याच्या घरात अडकून बसला होता, स्प्रिंग ताणलेली पण कार्बन खाली उतरतच नव्हता. तो ज्या तांब्यावर घासतो ते तव्यासारखं काळं झालेलं. कार्बन बाहेर काढून त्याच्या कडा हलक्या घासल्या, घरात बोटाने सोडला की आपोआप खाली सरकेल इतपत. तांबं बारीक पेपरने पुसलं, पट्ट्यांमधली काजळी दाढीच्या पात्याच्या टोकाने काढली.

लाल दिव्याची वायर परत जोडली. चावी दिली, दिवा लागला. किक मारली, रेस दिली आणि दिवा विझला. बाबा ओट्यावर बसले होते, मला दिवा विझलेला दिसायच्या आधीच ते म्हणाले, "झालं, भरतीय आता." त्यांना लाल दिव्याचं सगळं माहीत होतं. गुडघ्यांमुळे त्यांना गाडीपाशी बसवत नाही म्हणून मी या महिनाभरात त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

मीटरवर ७.२. हेडलाइट लावून, रेस ठेवली तर ६.८.

निवृत्त_वायरमन
छान. ४.५ ची बॅटरी मात्र बदला, १२ अँपिअर-तासाची घ्या. पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा आहे, तिथे दिवा लावावाच लागेल. टोल नाक्यावर, गर्दीत रेस कमी असताना डायनॅमो काही देत नाही. तेव्हा बॅटरीत साठा पाहिजे.

अण्णा_कोल्हापूर
वायरमन काका, मानलं. तरी ताई, एक कंडेन्सर डिकीत असू द्या.

तीन_पाती
पांढऱ्या धुराचं कोणीच बोललं नाही. गिअरबॉक्सचं ऑइल मोजलंत का?

कास_पठारी (शनिवार, संध्याकाळी ६:३०)
आज भुईंजपर्यंत जाऊन आले, हेडलाइट लावून, पावसात. एकदाही चुकली नाही. १२ अँपिअर-तासाची बॅटरी जुन्या खोक्यात मावली नाही, उघडीच दिसणार, परीक्षकांनी गुण कापले तर कापू देत.

तीन_पाती, तुमचंही बरोबर निघालं. महिन्यापूर्वी खुणेपर्यंत भरलेलं गिअर ऑइल बरंच खाली गेलंय आणि खाली एक थेंब सांडलेला नाही. म्हणजे इंजिनच पितंय. ऑइल भरून घेतलंय, एक बाटली सोबत घेतेय, ६० च्या वर पळवणार नाही. परत आल्यावर दोन्ही सील बदलते. क्लचच्या बाजूचं सील इंजिन पूर्ण न खोलता काढता येतं का, तेवढं लिहून ठेवा, सोमवारी वाचते.

पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल टाकलंय. अण्णा, कंडेन्सर घेतलाय. बाबा मागून भावाच्या गाडीतून येतायत. पहाटे ५ ला निघते.

तीन_पाती
काढता येतं. क्लच आणि पुढचं स्प्रॉकेट उतरवावं लागतं, त्याला पुलर लागेल, हातोडी मारू नका. सविस्तर सोमवारी लिहितो. बोगद्यातून बाहेर पडलात की आपल्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला दहा मिनिटं थांबा, इंजिन गार होऊ द्या.