ऋतुजा, रुतुजा, रितुजा. आणि घरातली ऋतू

नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात चांदीच्या वाटीवर नाव कोरून घ्यायला गेले होते. कारागिराने बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने एकाखाली एक तीन नावं लिहिली: ऋतु, ऋतू, रितू. "ताई, यातलं कोणतं? एकदा कोरलं की पुसता येत नाही." वाटी माझ्या भाचीची. बारशाला तिच्या कानात नाव सांगायचा मान आत्या म्हणून माझा, तेव्हा उत्तरही माझ्याकडेच होतं. मी संध्याकाळपर्यंतची सवड मागून घेतली.

नाव ठरलेलं आहे, ऋतुजा. वाद आहे तो लिहायचं कसं याचा. भाऊ 'रुतुजा' म्हणतो, वहिनी 'रितुजा'. वहिनीचं माहेर जबलपूरचं. घरी मराठी, शाळा हिंदी, त्यामुळे तिच्या तोंडी अमृत म्हणजे 'अम्रित' आणि कृपा म्हणजे 'क्रिपा'. नागपुरात याचं नवल नाही. 1956 पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दुभाषी राज्याची राजधानी होतं, आणि इथल्या कितीतरी घरांत एकाच ऋतूचे दोन उच्चार अजून सुखाने नांदतात.

यात चूक कोणाची? माझं स्पष्ट मत: कोणाचीच नाही. संस्कृतातला ऋ हा स्वर आहे. त्यात ना इ, ना उ. 'ऋटुरषाणां मूर्धा' असं त्याचं उच्चारस्थान सांगतात, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून काढायचा तो स्वर. तो मूळ उच्चार जिभेवरून गेला आणि त्याच्या जागी मराठीत रु आला, हिंदीत रि. बोलीतल्या जुन्या शब्दांत तर त्याने आणखी वेगळ्या वाटा धरल्या. मृत्तिकेची आपल्याकडे माती झाली, हिंदीत मिट्टी. पृष्ठाची आपल्याकडे पाठ, तिकडे पीठ. बरं, मराठीने रि कधी घेतलाच नाही असंही नाही. 'ऋण काढून सण' ही म्हण जुन्या माणसांच्या तोंडी 'रीण काढून सण' अशीच यायची. त्यामुळे 'रि हे हिंदी, आपलं नव्हे' असं वहिनीला ऐकवणं मला अजिबात पटत नाही.

म्हणूनच देवनागरीत ऋ मोडून रु किंवा रि करू नये, असं मला फार वाटतं. ऋ लिहिला की बाप त्याच्या जिभेने वाचतो, आई तिच्या, आणि अक्षर दोघांचं राहतं. 'रुतुजा' लिहिलं की आईचा उच्चार कागदावरून गेला, 'रितुजा' लिहिलं की बापाचा. शिवाय अर्थही सुटतो. ऋतु + जा, ऋतूपासून जन्मलेली. गिरिजा, शैलजा, वनजा यांच्यातला तोच 'जा'. 'रुतु' किंवा 'रितु' या अक्षरांमागे संस्कृतात असा काही शब्द उभा नाही.

पत्रिका बघणाऱ्यांनी यात एक गंमतशीर पेच दाखवला. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्राच्या चरणावरून नावाचं पहिलं अक्षर सांगणाऱ्या तक्त्यात, चित्रा नक्षत्राच्या चौथ्या चरणाचं अक्षर री, आणि लगेच पुढच्या स्वातीच्या पहिल्या चरणाचं रू. म्हणजे आईच्या उच्चाराने मुलगी चित्रेची, बापाच्या उच्चाराने स्वातीची. रास दोन्हीकडे तूळच.

शेजारच्या काकूंनी हळूच वेगळी शंका काढली, की ऋतु म्हणजे पाळीही ना? हो. ऋतुमती, ऋतुस्नाता हे शब्द त्यातूनच आले. पण शब्द एकच आहे तो उगाच नाही. ऋ म्हणजे जाणे हा धातू, आणि ऋतु म्हणजे ठरल्या वेळी फिरून येणारा काळ. पावसाळा तसा येतो, शरीराचा काळही तसाच. त्याच धातूपासून ऋत, म्हणजे सृष्टीची ठरलेली चाल. ऋग्वेदात 'ऋतजा' असा शब्दही आहे, चौथ्या मंडलात. मुलीच्या नावात यातलं काहीही असलं तर मला त्यात लाजण्यासारखं दिसत नाही, आणि काकूंनाही मी तसंच सांगितलं.

आता वाटीवरचं लाडाचं नाव. इथे ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न येतो. साहित्य महामंडळाचे जे लेखननियम शासनाने 1962 साली स्वीकारले (1972 मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली), त्यांप्रमाणे शब्दाच्या शेवटी आलेला इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, ऋतू. पण तोच शब्द समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व राहतो: कविराज, गुरुकुल, ऋतुजा. म्हणजे एकाच पोरीचं पाळण्यातलं नाव ऱ्हस्व तु-चं आणि हाकेचं नाव दीर्घ तू-चं, आणि दोन्ही बरोबर. तसंही अंगणातून हाक मारताना शेवटचा स्वर आपण लांबवतोच.

आजीची हरकत मात्र ऱ्हस्व-दीर्घापलीकडची निघाली. "रुतू? अगं, काटा रुतते पायात. पोरीले असं म्हणत असते का?" कानाला तिचं म्हणणं खरं आहे. 'काटा रुतू नये' यातला रुतू आणि आमची ऋतू ऐकायला सारख्याच. ऋजुताची 'रुजू' होते तेव्हाही हेच होतं. पण तिथे रुजणं आहे, कामावर रुजू होणं आहे, म्हणून कोणाला टोचत नाही. मी आजीला बिलावरची अक्षरं दाखवली. ऋ लिहिला की डोळ्यांना काटा दिसत नाही. "मंग ऋच लिही," म्हणाली, "पण मी छकुलीच म्हणीन."

संध्याकाळी दुसऱ्या नावावर बोट ठेवलं: ऋतू. वाटी घरी आली तेव्हा वहिनीने ती उजेडात धरून वाचलं, "रितू". भाऊ पोळी खात होता, तो म्हणाला, "रुतू".

इंग्रजी स्पेलिंगला मात्र ही सोय नाही. तिथे आर-यू किंवा आर-आय, एक धरावंच लागतं. क्रिकेटपटू ऋतुराज गायकवाड आर-यू लिहितो, ऋषी कपूर आर-आय लिहायचे. नोंदणीच्या फॉर्मवर प्रसूतीच्या ठिकाणी कोणीतरी न विचारताच रितुजा लिहून टाकलं होतं, ते आम्ही वेळीच थांबवलं. जन्मनोंदीत बाळाचं नाव 12 महिन्यांपर्यंत शुल्काविना घालता येतं, पुढे शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. त्यामुळे घाई नाही. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून विवाहनोंदणीपर्यंत हाच दाखला चालणार आहे, म्हणून निष्काळजीपणाही नको. माझा कौल आर-यूला. मुलगी नागपुरात वाढणार, वर्गात बाई हजेरी घेताना इंग्रजी यादीतूनही तिचं नाव मराठी ओठांनी नीट उचललं जावं. वहिनी अजून विचार करते आहे, आणि दाखला तिच्या होकाराशिवाय भरायचा नाही असं आम्ही ठरवलंय.

जबलपूर, बालाघाट, छिंदवाडा अशा बाजूंशी नातं असलेल्या घरांत ऋ-च्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग कसं ठरलं, ते कोणी सांगितलं तर आम्हाला फार उपयोग होईल.