प्रोफाइलवर कोणते टॅग ठळक ठेवावेत: गर्दीचे की आपल्या लिखाणाचे?

कुर्डूची_भाजी

मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर आपल्या प्रोफाइलला दहापर्यंत हॅशटॅग ठळक लावता येतात. चार दिवस झाले, मी ती यादी करते आणि पुसते आहे. माझं मत तयार आहे, पण घरात ते कुणालाच पटलेलं नाही. म्हणून इथे मांडते.

मी दोन विषयांवर लिहिते. पहिला रानभाज्या. पहिला पाऊस पडून गेला की पेणच्या बाजारात बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. तिथपासून गणपतीपर्यंत टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली असं जे जे येतं, ते कसं ओळखायचं, कसं निवडायचं, कशात घोळवलं नाही तर घसा खाजतो, हे लिहिते. शेवळात काकडं (आंबट रानफळं) घालायची असतात. ती नसली तर चिंच नाहीतर आमसूल. एवढी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी जणांनी शेवळं एकदाच आणली आणि पुन्हा हात लावला नाही.

दुसरा विषय माझ्या आईचा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. तिला सांभाळताना रोज जे शिकते ते लिहिते. गॅसची बटणं काढून डब्यात ठेवणं, दाराला वरच्या बाजूला कडी लावणं, दुपारी चार-साडेचारला ती पिशवी भरून "मी आता घरी निघते" म्हणाली की वाद न घालता तिच्यासोबत गल्लीला एक फेरी मारून परत येणं.

सगळे सांगतात, #मराठी, #कोकण, #निसर्ग, #खाद्यसंस्कृती असे लोकांना माहीत असलेले टॅग प्रोफाइलवर ठेव. मला ते अजिबात ठेवायचे नाहीत. ठळक टॅगवर बोट ठेवलं की त्या टॅगच्या फक्त आपल्याच पोस्ट उघडतात, सगळ्या जगाच्या नव्हेत. शिवाय आपण तो किती वेळा वापरला आणि शेवटचा कधी, हेही तिथेच दिसतं. म्हणजे ही आपल्या वहीची अनुक्रमणिका आहे. #निसर्ग लावला तर खाली सहा पोस्ट दिसतील, त्याही फेब्रुवारीतल्या. #रानभाज्या लावला तर दोनशेच्या वर. माणसाने दारावर पाटी लावायची ती घरात जे आहे त्याची.

दहा जागा आहेत म्हणून दहा भरायच्या, हेही मला पटत नाही. मी चार लावणार: #रानभाज्या, #शेवळं, #भाजी_निवडणं आणि #डिमेन्शिया. शेवटच्यावर घरात फार बोलणं झालं. तुम्हाला काय वाटतं?

घाटमाथा

ताई, शेवळांबद्दल धन्यवाद, पण मुद्दा पटला नाही. मॅस्टोडॉनवर शोध कसा चालतो ते बघा. 2023 च्या सप्टेंबरात 4.2 आवृत्ती आली, तोपर्यंत अनोळखी माणसाच्या पोस्टमधला शब्द शोधताच येत नव्हता. आजही ज्याने स्वतःहून परवानगी दिली त्याच्याच पोस्ट शोधात येतात. म्हणजे तिथे माणूस माणसाला भेटतो तो टॅगच्या वाटेने. 2022 च्या नोव्हेंबरात 4.0 आल्यापासून टॅग फॉलोही करता येतात. #मराठी फॉलो करणारे कितीतरी पटींनी जास्त असणार, #भाजी_निवडणं फॉलो करणारं कोण आहे? आपली भाषा तिथे आधीच विरळ. त्यात प्रत्येकाने स्वतःची वेगळी चूल मांडली तर एकाचा धूर दुसऱ्याला दिसायचा नाही.

कुर्डूची_भाजी

घाटमाथा, तुम्ही जे सांगताय ते पोस्टखालच्या टॅगचं आहे, आणि तिथे मी #मराठी लावतेच. प्रत्येक पोस्टला. मी बोलतेय ते प्रोफाइलवरच्या जागेबद्दल. प्रोफाइलपर्यंत जो पोचला त्याला मी सापडलेली आहे. आता त्याला हवी ती गोष्ट चटकन सापडायला हवी.

घाटमाथा

सापडलेली असलात तरी तुम्ही कोण हे त्याला ठाऊक नसतं. पहिल्या नजरेत ओळखीचा शब्द दिसला की माणूस थांबतो. बेळगावचा, इंदूरचा, न्यू जर्सीचा मराठी माणूस आला आणि त्याला #भारंगी दिसलं, तर तो भाजी समजेल की गावाचं नाव? #कोकण दिसलं तर निदान वाट कळेल. मी मुद्द्यावर ठाम आहे: निम्मे टॅग ओळखीचे, निम्मे आपले.

अनुस्वार

दोघांचं वाचलं. पण त्याआधीची अडचण कुणी बोलतच नाहीये, ती आपल्या भाषेची आहे.

टॅग जुळतो तो अक्षर न् अक्षर सारखं असलं तरच. #शेवळं, #शेवळे, #शेवळ हे तीन टॅग. #रानभाजी आणि #रानभाज्या दोन. वर आपली सवय अशी की टॅग वाक्यात घालायचा आणि त्याला विभक्ती लावायची. "आज #रानभाज्यांचा बाजार" लिहिलं की तिसराच टॅग जन्माला आला, जो पुन्हा कुणी वापरणार नाही. इंग्रजीत हे इतकं होत नाही, कारण तिथे 'चा', 'ची', 'ला' नामाला चिकटत नाहीत. मराठीत लिहिणाऱ्याने टॅग वाक्याच्या बाहेर, अगदी शेवटी, मूळ रूपात लिहायला हवा.

आणखी बारकाईने सांगतो. 'दऱ्याखोरी' मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: एक नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, दुसरा साध्या र ला हलन्त लावून पुढे न दिसणारी जोडखूण टाकून. डोळ्यांना दोन्ही एकच. यूनिकोडला वेगळे, त्यामुळे दोन्हींचा मिळून एक टॅग होत नाही. फोनवरचा कळफलक एक तऱ्हा देतो, संगणकावरचा कधी दुसरी.

म्हणून माझं म्हणणं: ज्या टॅगचं रूप ठरलेलं आहे आणि जो तुम्ही दरवेळी तसाच लिहिता, तोच ठळक करा. नाहीतर निम्म्या पोस्ट यादीत येणारच नाहीत आणि तुम्हाला कळणारही नाही. ताई, #शेवळं वर तुमच्या किती पोस्ट दिसतात, जरा मोजून बघाल का?

कुर्डूची_भाजी

आत्ता बघितलं. #शेवळं वर अकरा. #शेवळे वर आणखी सात, त्या मीच लिहिलेल्या! एक #शेवळांची पण आहे. तीन वर्षं लिहितेय आणि लक्षात आलं नव्हतं. आज रात्री बसून सगळ्या दुरुस्त करते. मनापासून आभार.

ऐकणारा

मी पडदावाचक वापरतो, म्हणजे पोस्ट ऐकतो. दोन गोष्टी. जोडून लिहिलेला लांबलचक टॅग आमच्याकडे एका दमात येतो आणि अर्थ लागत नाही. रोमन लिपीत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केलं तर तो तोडून वाचला जातो. देवनागरीत मोठं अक्षर नाही, म्हणून ताईंनी #भाजी_निवडणं मध्ये अधोरेषा घातली ते फार बरं केलं. तिथे जोडरेघ घालू नका, टॅग तिथेच तुटतो.

दुसरी: प्रोफाइलवर दहा टॅग असले की ते दहा ऐकल्याशिवाय मी पुढे जात नाही. चार असले तर चांगलं वाटतं.

ठाणेकर_77

एवढा खल कशाला? लिंक्डइनवर प्रोफाइलला पाच विषय लावायची सोय होती, आम्ही विचार करकरून लावले, 2024 मध्ये त्यांनी ती काढून टाकली. कुणाचं काही अडलं नाही. चांगलं लिहा, लोक येतात.

कुर्डूची_भाजी

ठाणेकर, तिथे मी नव्हते, पण ते विषय म्हणजे "मी यावर बोलतो" अशी घोषणा होती. इथे त्याखाली लिखाण उघडतं. जून महिन्यात एकजण जुडी हातात घेऊन विचारतो, "ही कशी करायची?" तेव्हा तीन वर्षांच्या पोस्ट खाली खाली ओढत जायला लावू का त्याला? चांगलं लिहिलेलं सापडायलाही हवं.

निळी_शाई

भाज्यांचं झालं. मला चौथ्या टॅगबद्दल बोलायचं आहे, आणि कदाचित कडक वाटेल.

ताई, आईचा आजार प्रोफाइलवर ठळक करायला आईने होकार दिला होता का? तुम्ही टोपणनावाने लिहिता हे मान्य. पण पेण गाव, रानभाज्या, घरी आजारी आई, एवढं जुळवायला ओळखीच्या माणसाला वेळ लागत नाही. पोस्टखाली टॅग असणं वेगळं, ती पोस्ट वाहून जाते. प्रोफाइलवर तो कायम नावाखाली बसतो. माझे वडील शेवटची दोन वर्षं असेच होते. आयुष्यभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं. त्यांचे विद्यार्थी भेटायला यायचे तेव्हा मी त्यांना आत नेऊन नीट शर्ट घालायचो, केस विंचरायचो, मगच बाहेर आणायचो. त्यांचं जे रूप त्यांना लोकांसमोर न्यायचं नव्हतं, ते मी नेलं नाही. तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण तो टॅग काढा.

कुर्डूची_भाजी

निळी शाई, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

होकार घेतलेला नाही. लिहायला लागले तेव्हा तो घेण्याची वेळ निघून गेली होती. मी आईचं नाव, फोटो, ती काय बोलून गेली यातलं तिला लाजवेल असं काही लिहीत नाही. लिहिते ते माझ्या हातांनी काय केलं ते.

पण मी तो टॅग का ठेवला तेही सांगते. मागच्या सप्टेंबरात एका बाईंचा निरोप आला. त्यांची सासू रोज संध्याकाळी "घरी जाते" म्हणून दार वाजवते आणि हे घरात भांडण होऊन थांबतं. माझ्या पोस्टमधली गल्लीतली फेरी त्यांनी करून पाहिली. त्यांनी लिहिलं होतं की त्या माझ्या प्रोफाइलवर करटोलीची भाजी शोधत आल्या होत्या, शेजारी दुसरा टॅग दिसला म्हणून उघडला. त्या पोस्टपर्यंत त्या शोधून पोचल्याच नसत्या. घरात काय चाललंय त्याला काय नाव आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं. मराठीत या विषयावर घरातल्या माणसाने लिहिलेलं किती थोडं आहे!

निळी_शाई

त्या बाईंना उपयोग झाला याचा आनंद आहे. तरी माझं मत तेच. उपयोग पोस्टमुळे झाला, आजाराचं नाव तुमच्या नावाखाली असल्यामुळे नव्हे.

सांजवात

मी नर्स आहे. निळी शाईंचा मुद्दा मला सोडवत नाही आणि ताईंचाही. शब्दाबद्दल सांगते. आमच्याकडे येणारे नातेवाईक 'स्मृतिभ्रंश' म्हणत नाहीत, 'डिमेन्शिया' निम्मे म्हणतात, बाकीचे 'विसरायचा आजार' किंवा सरसकट 'अल्झायमर'. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार, पण एकमेव नाही. टॅगसाठी आजाराचं नावच हवं असं कुठाय? ताई आईबद्दल लिहीत नाहीत, सांभाळण्याबद्दल लिहितात. मग पाटी त्याची असू द्या.

घाटमाथा

'काळजीवाहक' म्हणू नका फक्त. तो शब्द कुणी बोलत नाही.

अनुस्वार

#सांभाळणं? #घरी_सांभाळताना? दुसरा जास्त नेमका, आणि त्याला विभक्ती लागायचा धोका नाही.

निळी_शाई

#घरी_सांभाळताना ला माझी हरकत नाही. त्यात आईचा आजार नाही, तुमचं काम आहे.

ठाणेकर_77

पण त्या करटोलीवाल्या बाईंना हा टॅग दिसला असता तर त्यांनी उघडला असता का? मला नाही वाटत. लहान मुलांबद्दल असेल असं वाटलं असतं.

कुर्डूची_भाजी

ठाणेकर, हा प्रश्न मलाही पडला आहे. #आईवडील_सांभाळताना असं केलं तर? लांब आहे, पण ऐकणारा यांना अधोरेषेमुळे चालेल असं वाटतं. आजाराचं नाव पोस्टखाली राहील, #डिमेन्शिया आणि #अल्झायमर दोन्ही, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. नावाखाली मात्र राहणार नाही.

आत्ता बदल केला आहे. नव्या टॅगखाली सध्या शून्य पोस्ट दिसतात, जुन्या पोस्टना तो एकेक करून जोडावा लागणार. घाटमाथा, तुमच्या म्हणण्यावरून एक ओळखीचा टॅगही घेतला, #कोकण नव्हे, #पेण. निळी शाई, तुम्ही लिहिलेला तो शर्टाचा प्रसंग मी आईचे केस विंचरताना उद्या आठवेन.

ऐकणारा

चालेल. 'आईवडील' नीट तुटून ऐकू आलं.