शब्दचर्चा : अर्पण, दशमांश आणि दानधर्म

प्रश्न (सांगली) : आमच्या चर्चमध्ये रविवारी थैली फिरते तेव्हा 'अर्पण' म्हणतात, काही कुटुंबे दरमहा 'दशमांश' देतात, आणि नाताळापूर्वी गरजूंसाठी धान्य-कपडे गोळा होतात त्याला 'दानधर्म' म्हणतात. हे तिन्ही शब्द समानार्थी मानावेत का?

उत्तर (मिरज) : मानू नयेत. अर्पण देवापुढे ठेवायचे असते, म्हणूनच ते उपासनेच्या क्रमात घेतले जाते आणि त्यावर प्रार्थना होते. दशमांश हे देण्याचे माप, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. मात्र तो केवळ मंदिराच्या खर्चासाठी होता असे समजणे चुकीचे आहे. बायबलातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवून लेवी (मंदिरसेवेसाठी नेमलेल्या वंशातला माणूस), परका, अनाथ आणि विधवा यांनी तो पोटभर खावा, अशी आज्ञा आहे.

दानधर्म हा शब्द मराठी बायबलात मत्तयाच्या 6व्या अध्यायात येतो. तेथील ग्रीक शब्दाच्या मुळाशी दया आहे, तर यहुदी परंपरेत गरिबाला देण्यासाठी रूढ असलेल्या 'त्सदाका' या हिब्रू शब्दाच्या मुळाशी न्याय आणि नीतिमत्त्व आहे. दान म्हटले की देणाऱ्याचे पुण्य आपल्या मनात आधी येते. बायबलात मात्र घेणाऱ्याचा हक्क आधी येतो, आणि मला हाच भेद सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो समजून घेण्यास 'सरवा', म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे, हा आपल्या शेतकऱ्यांचा शब्द उपयोगी पडेल. 'लेवीय' या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात सांगितले आहे की, कापणी करताना शेताचे कोपरे झाडून कापू नयेत आणि सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा. मालक तेथे हाताने काही वाटत नाही, त्यामुळे कोणाला त्याच्यापुढे हात पसरावा लागत नाही. बायबलातील कथेत परक्या देशातून आलेली विधवा रूथ बवाज या जमीनदाराच्या शेतात याच आधारावर सरवा वेचते.

पुरवणी प्रश्न (सातारा) : कापणीच्या सणाला सभासद शाळू, गूळ, हळद आणून ठेवतात व नंतर त्यांचा लिलाव होतो. लिलावाच्या रकमेला काय म्हणावे? आमच्याकडे कोणी 'वर्गणी' म्हणाले, तर ज्येष्ठांना ते रुचत नाही.

उत्तर (मिरज) : वस्तूही अर्पण आणि रक्कमही अर्पणच, कारण बोली लावणारा बाजारभाव पाहून बोलत नाही. वर्गणी हा शब्दही परका नाही. यरुशलेमेतील गोरगरिबांसाठी प्रेषित पौलाने ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांकडून जे जमवले, त्याला मराठी बायबलात वर्गणीच म्हटले आहे. ठरावीक कामासाठी सर्वांनी मिळून उभारलेल्या पैशाला तो शोभतो. माझा आग्रह एवढाच आहे की, पंच कमिटीने वार्षिक हिशेब मांडताना अर्पणातून दानधर्माकडे किती रक्कम गेली, ती स्वतंत्र ओळीत लिहावी आणि मदत घेणाऱ्या कुटुंबांची नावे मात्र वाचून दाखवू नयेत.