सहा-सात वर्षांची कुत्री घरातच शू करते, या वयात शिकेल का?

रानजाई:
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात एक इंडी (म्हणजे आपली देशी) कुत्री अडॉप्ट केली, डॉक्टर दात बघून म्हणाले सहा-सात वर्षांची असेल. आधी एका बंगल्याच्या आवारात असायची, तिथले आजोबा गेले आणि बंगला विकला. आमचा कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. खाली नेलं की सगळं हुंगत फिरते पण रिक्षा जवळून गेली की शेपूट पायात घालून उभी, शू करतच नाही आणि वर येऊन पट्टा सोडला की थेट बाथरूमसमोरच्या पायपुसण्यावर. फिनेलने पुसते तरी परत तिथेच. सासूबाई म्हणतात या वयात शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. परत पाठवायचा प्रश्नच नाही, खूप गुणी आहे. काय करू?

मोत्याची_आई:
ताई, आधी युरिन टेस्ट करा, बाकी सगळं नंतर. मोठ्या कुत्रीला इन्फेक्शन, डायबेटिस, किडनी यातलं काहीही असू शकतं. थोडी थोडी सारखी करते का, पाणी जास्त पिते का ते बघून ठेवा. झोपेत गादी ओली होत असेल तर तेही सांगा, नसबंदी झालेल्या माद्यांना होतं तसं आणि गोळ्यांनी फरक पडतो. खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तरी शू वाढते. आजार असेल तर कितीही शिकवलं तरी तिच्या हातात नाही ना ते.

देशी_दोस्त:
वरचं अगदी बरोबर. रिपोर्ट नॉर्मल आला तर मला वाटतं तिला शिस्त आहेच, फक्त ती मातीवर शू करायला शिकलीय, आणि तुमच्या घरात पायाला खरखरीत लागणारं एकच आहे, ते पायपुसणं! ते आजच उचला. फिनेलने आपल्याला वास येत नाही, तिला येतो, एन्झाइमवालं क्लीनर आणा. मग पहाटे रहदारी नसताना न्या, फिरवू नका, एकाच कोपऱ्यात मातीवर उभं राहा, मोबाईल खिशात. शू संपली की तिथल्या तिथे चिकनचा तुकडा, घरी येऊन दिला तर तिला वाटेल घरी आल्याचा मिळाला. आणि मग फिरवा, शू झाली की फेरी संपते असं तिच्या डोक्यात बसलं तर ती धरून ठेवते. नाहीच केली तर वर आल्यावर पट्टा सोडायचा नाही, तुमच्याजवळच ठेवा आणि थोड्या वेळाने परत खाली.

रानजाई:
धन्यवाद! पायपुसण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. मिस्टर म्हणतात केलेलं दाखवून रागवायला हवं, ते बरोबर का?

मोत्याची_आई:
अजिबात नको. नंतर रागावलं तर तिला कशाबद्दल ते कळत नाही, फक्त तुमच्यासमोर शू करायची भीती बसते, मग खाली तुमच्या शेजारी उभी राहून कशी करेल ती? करताना दिसली तर न ओरडता उचला आणि खाली पळा.

पाऊसवेडा:
बाल्कनी असेल तर मोठ्या ट्रेमध्ये माती आणि हिरवळीचा तुकडा टाकून ठेवा, तिच्या शूचं टिपलेलं फडकं एकदा त्यावर दाबा म्हणजे वासाने कळेल. पावसाळ्यात खाली जायला नाही म्हणाली तरी अडणार नाही. आणि जेवण ठरलेल्या वेळीच, दिवसभर वाटी भरून ठेवू नका, म्हणजे शीची वेळही आपोआप लागते. पाणी मात्र तोडू नका हां.