कोरा कागद हाच बर्फ

तुमचं बर्फातल्या घराचं जलरंगातलं चित्र फार आवडलं. हिमाचलमधल्या नग्गरचं ते काठकुणी घर, दगड आणि देवदाराच्या तुळयांचे एकाआड एक थर, बर्फाखालून डोकावणारी पाटीच्या दगडाची काळसर कड, सगळं नेमकं उतरलंय. छपरावरचा बर्फ चुना फासल्यासारखा दिसतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून त्याबद्दल थोडं सांगतो.

तिथे पांढरा रंग लावलाय ना? चायनीज व्हाइट, म्हणजे जस्तापासून केलेला पांढरा रंग, जलरंगवाल्यांना १८३४ पासून मिळतोय, त्यात वावगं काही नाही. पण जलरंगात सगळ्यात उजळ पांढरा म्हणजे कोरा कागद. छपराची उन्हाकडची उतरण तशीच सोडा. बर्फ दिसतो तो सावलीमुळे, आणि उन्हाच्या दिवशी सावलीत पोचतो तो मुख्यतः निळ्या आकाशाचा उजेड. म्हणून करडी नको, निळी सावली हवी. कोबाल्ट ब्लूमध्ये कणभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), भरपूर पाणी आणि वळचणीखाली एकच हात. माझी कितीतरी चित्रं दुसऱ्यांदा ब्रश फिरवल्यानेच मळली आहेत. सावलीची एक कड कडक राहू द्या. बर्फाला जिथे गोलाई आहे तिथे ती नुसत्या ओल्या ब्रशने विरवा.

पडता बर्फ हवा असेल तर आकाशाच्या वॉशची, म्हणजे पातळ रंगाच्या थराची, ओली चकाकी उतरायला लागली की मीठ भुरभुरवा. फार ओल्यात टाकलं तर ते नुसतंच विरघळतं.

आणि दाराशी रचलेल्या सरपणाच्या तपकिरी रंगाला अजिबात हात लावू नका. ती ऊब आहे म्हणून बाकीचा कागद गार वाटतोय.